बाबा थोरलीच्या आवाजात बोलतात

सोमवारी सकाळी बाबांनी टॅबलेटवर ‘चहा’ दाबला आणि काहीच झालं नाही. पुन्हा दाबला. मग टॅबलेट उलटा करून त्याची पाठ बघितली, जणू आवाज मागच्या बाजूने सांडून गेला असावा.

मी लगेच कपाळाला हात लावला. आदल्या संध्याकाळी टॅबलेटने ‘नवी सिस्टीम घेऊ का’ असं विचारलं होतं आणि बाबांनी ‘हो’ म्हटलं होतं. यंत्राला ते कधीच नाही म्हणत नाहीत, माणसांना म्हणतात. नव्या सिस्टीमने आमच्या अ‍ॅपचा आवाज बंद पाडला. फक्त आमच्या घरातला नाही, जिथे जिथे नवी सिस्टीम गेली त्या सगळ्या घरांतला.

बाबा म्हणजे माझे सासरे. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात नेला आणि बोलणंही नेलं. आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस. त्यांचं एक अक्षर रस्त्याच्या पलीकडून वाचता यायचं, आणि आता त्यांना पाणी हवंय हे समोर बसून कळत नव्हतं. मी तेव्हा फुकटचे धडे बघून बघून अ‍ॅप बनवायला शिकत होते. घरात सगळे त्याला ‘हिचा नवा नाद’ म्हणायचे. त्या नादातून चित्रांचा एक तक्ता तयार झाला. चित्रावर बोट ठेवलं की अ‍ॅप तो शब्द बोलतं. आवाज थोरलीचा, म्हणजे माझ्या थोरल्या जावेचा, कारण त्या आठवड्यात घरात सर्दी न झालेली ती एकटीच होती.

तेव्हापासून बाबा थोरलीच्या आवाजात बोलतात.

“मीच मला चहा मागते,” थोरली म्हणायची, “आणि साखर कमी पडली म्हणून मीच मला बोलते. असलं सासर कुणाला मिळालंय?”

बाबांना वाचा शिकवायला यायच्या त्या बाईंनी हे अ‍ॅप आणखी दोघांना दाखवलं, त्यांनी आणखी दोघांना. आता ते चारशेच्या वर घरांत आहे. चारशे माणसं थोरलीच्या आवाजात उशी मागतात, खिडकी लावायला सांगतात, जावयावर रुसतात. त्यात पुरुष निम्म्याहून जास्त. बाबा घरात बोलायचे, पण बाहेर निघताना टॅबलेट कपाटात ठेवायचे. चारचौघांत बायकी आवाजात बोलायला लाजायचे. तसं कधी सांगितलं नाही, पण कपाटाचं दार लावायची पद्धत असते ना एकेकाची.

म्हणून आम्ही पुरुषाचा आवाज घ्यायचं ठरवलं होतं. रेडिओवर बातम्या वाचून निवृत्त झालेले एक गृहस्थ तयार झाले होते. बाराशे शब्द, चार दिवस स्टुडिओ. त्याचा खर्च अ‍ॅप वापरणाऱ्यांच्या वर्गणीतून निघाला असता, पण लोक अ‍ॅप जिथून घेतात त्या स्टोअरमधून वर्गणी भरली की शंभरातले तीस स्टोअर ठेवून घेतं. म्हणून मी अ‍ॅपच्या नव्या आवृत्तीत वर्गणीच्या पडद्यावर एक ओळ टाकली होती. आमच्या साइटवर भरलीत तर स्वस्त पडेल, आणि खाली साइटची लिंक. ती आवृत्ती पाठवायच्या बेतात होते तोवर आवाज गेला. मी सोमवारी दुपारपर्यंत आवाजाची दुरुस्ती केली आणि तीही त्याच आवृत्तीत घालून स्टोअरकडे मंजुरीला पाठवली.

मंगळवारी नकार आला. कारण एका ओळीत: अ‍ॅपमधून ग्राहकांना बाहेर पैसे भरायला सांगता येत नाही.

“म्हणजे आपल्याच गिऱ्हाइकाला आपण आपला पत्ता द्यायचा नाही?” थोरली म्हणाली.

“त्यांच्या दुकानात उभं राहून नाही द्यायचा.”

“दुकान त्यांचं, पण बोलणं माझं.”

मी वाद घातला नाही. लिंक काढली, ओळ काढली, शोधून शोधून ‘साइट’ हा शब्दच अ‍ॅपमधून काढला आणि पुन्हा पाठवलं. ‘प्रतीक्षेत’ असं आलं. त्यानंतर माझं घरात लक्ष राहिलं नाही. भांडं घासायचं, हात पुसायचा, फोन बघायचा. कपडे वाळत घालायचे, फोन बघायचा. ‘प्रतीक्षेत’. बाबा त्यांच्या खुर्चीत बसून माझ्याकडे बघायचे. अधूनमधून टॅबलेटवर काहीतरी दाबायचे. ओठ घट्ट मिटलेले, बोट चालू. काय दाबतायत ते उठून जाऊन बघावं लागे, आणि तोवर त्यांचा राग ‘पाणी’वरून ‘जाऊ दे’वर पोचलेला असे.

बुधवारी एका बाईंचा फोन आला. त्यांच्या नवऱ्याचं अ‍ॅप सोमवारपासून गप्प होतं.

“मी त्यांना वीस प्रश्न विचारते आणि ते एकविसाव्याची वाट बघतात,” त्या म्हणाल्या. “रागावत नाहीये हो मी तुमच्यावर. फक्त कधी होईल ते सांगा.”

कधी होईल ते मला माहीत नव्हतं. मी ‘लवकर’ म्हणाले आणि फोन ठेवल्यावर स्वतःवरच चिडले.

त्याच दुपारी दुसरा नकार आला. कारण तेच. शब्दही तेच.

आता मात्र मी हादरले. सगळे पडदे एकेक करून उघडले. कुठे लिंक नाही, कुठे ओळ नाही. वर्गणीचा पडदा तर डोळ्यांत तेल घालून वाचला. तिथे किंमत होती, ‘भरा’ हे बटण होतं, आणि कोपऱ्यात स्पीकरचं चित्र. थोरली मागे उभी राहून माझ्या खांद्यावरून बघत होती.

“हे स्पीकरचं काय आहे?” तिने विचारलं.

“सगळ्यांना वाचता येत नाही ना झटक्यानंतर. म्हणून प्रत्येक पडदा वाचून दाखवायची सोय. गेल्या आठवड्यात तूच तर रेकॉर्ड केलंयस.”

“ते आता चालू झालंय?”

“आवाज दुरुस्त केला म्हणजे सगळाच…” म्हणता म्हणता मी थांबले आणि स्पीकर दाबला.

थोरलीचा आवाज खोलीभर झाला. किंमत सांगितली तिने, व्यवस्थित. मग मी तिला लिहून दिलेलं सोडून आपल्या मनाने पुढे: “पण इथे कशाला भरताय? शंभरातले तीस मधल्यामध्ये जातात. त्यापेक्षा आमच्या साइटवर या, तुमचंही वाचेल, आमचंही.”

तो पडदा मी दहादा उघडून पाहिला होता, एकदाही ऐकला नव्हता. आवाज दुरुस्त झाला का हे बघायला मी ‘चहा’ आणि ‘पाणी’ दाबलं होतं. चारशे लोकांसाठी बोलणारं अ‍ॅप बनवणारी बाई मी, आणि तपासलं डोळ्यांनी.

थोरली तोंडावर पदर धरून उभी होती. मला वाटलं रडतेय. हसत होती.

“म्हणजे तिकडे कुणीतरी आपली भाषा समजणारं बसलंय गं,” ती म्हणाली. “आणि माझं सगळं ऐकून घेऊन नाही म्हणतंय.”

“असेल मशीन.”

“मशीन नाही. मशीनला इतकं टोचलं नसतं.”

मग आम्ही दोघी जेवणाच्या टेबलाशी बसलो आणि खरं बोलायचं ते बोललो. साइटची वाट बंद झाली होती. तीस जाणारच. आता दोनच मार्ग होते: किंमत वाढवायची, नाहीतर रेडिओवाल्या गृहस्थांना नाही म्हणायचं.

“वाढव किंमत,” थोरली म्हणाली. “त्यांचे तीस त्यांच्या डोक्यावर.”

“त्यांच्या नाही, घेणाऱ्यांच्या डोक्यावर. त्या वीस प्रश्नवाल्या बाईंच्या.”

“मग बाबांनी काय जन्मभर माझ्याच आवाजात बोलायचं? चारशे जण माझ्या घशातून बोलतात, मला घरात ओरडायचीसुद्धा चोरी झालीय.”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाबा भिंतीला धरत धरत आले, टेबलावर टॅबलेट ठेवला आणि आमच्याकडे वळवला. बोट ‘नको’वर.

“काय नको, बाबा? किंमत वाढवायला नको?”

बोट उचललं, पुन्हा ‘नको’वर ठेवलं.

“आणि रेडिओवाले?” थोरलीने हळूच विचारलं.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग तिसऱ्यांदा ‘नको’. त्यानंतर बोट तक्त्यावरून घसरत ‘लवकर’पाशी गेलं आणि तिथे त्यांनी इतक्या जोराने टकटक केलं की काच फुटेल असं वाटलं.

थोरलीने त्याच संध्याकाळी वर्गणीचा पडदा नव्याने वाचला. साधं एक वाक्य आणि किंमत. पण ती किंमत म्हणायची आणि शेवटी आवाजात टोमणा यायचाच.

“ताई, नुसता आकडा सांग. भांडू नकोस.”

“आकडाच सांगतेय. तो आकडाच तसा आहे.”

अकराव्या खेपेला जमलं. मी सगळं अ‍ॅप कानांनी तपासलं, पहिल्या पडद्यापासून शेवटच्यापर्यंत, आणि पाठवलं.

गुरुवार ‘प्रतीक्षेत’ गेला. मी दोनदा डाळीत मीठ घातलं, एकदा घातलंच नाही. शुक्रवारी अकराच्या सुमारास, मी चादरीच्या घड्या करत असताना, ‘मंजूर’ आलं. चादर तशीच टाकून मी आधी त्या वीस प्रश्नवाल्या बाईंना फोन केला आणि मग बाबांचं अ‍ॅप नवीन केलं.

त्यांनी चहा मागितला नाही. ‘बाहेर’ दाबलं. थोरलीचा आवाज म्हणाला, “बाहेर,” आणि स्वयंपाकघरातून खरी थोरली म्हणाली, “या जाऊन.”

मला वाटलं आता कपाट उघडतील. पण त्यांनी चपला घातल्या, काठी माझ्याकडे दिली आणि टॅबलेट डाव्या काखेत घेतला.

कोपऱ्यावरच्या केशकर्तनालयात तिघे जण बसले होते. न्हाव्याने बाबांना खुर्चीत बसवलं, टॉवेल बांधला आणि नेहमीप्रमाणे माझ्याकडे बघून विचारलं, “बारीक करू ना त्यांचे?”

“नको,” थोरलीचा आवाज म्हणाला.

तिघांनीही आधी माझ्या मिटलेल्या ओठांकडे आणि मग दाराकडे पाहिलं. तिथे कुणी बाई नव्हती. न्हाव्याची कात्री हवेत थांबली. बाबांचे कान लाल झाले, मला मागून दिसत होते. तरी त्यांनी टॉवेलखालून हात काढला, मांडीवरचा टॅबलेट सरळ केला आणि पुन्हा बोट ठेवलं. “थोडं. कमी.”

“बरं ताई,” न्हावी सवयीने म्हणून गेला आणि जीभ चावली.

कोपऱ्यातला एक जण फसकन हसला. बाबांनी आरशातून त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांचा अर्धा चेहरा हलला, जो हलतो तो.

माझ्या फोनवर स्टोअरचा निरोप आला. एक नवी वर्गणी, त्यांचे तीस कापून. रेडिओवाल्या गृहस्थांना नाही म्हणायचं अजून राहिलं होतं. ते महिनाभर गरम पाण्याच्या गुळण्या करून तयार बसले होते. मी पायरीवर येऊन नंबर लावला. तिकडे रिंग वाजत होती आणि आत, न्हाव्याच्या खुर्चीतून, थोरली म्हणत होती, “हळू. हळू. कान.”