लुंकुसेबाईंचे गुडघे

"ती पोरगी शिकवते की देवाची प्रार्थना करते?" बालशाळेच्या समितीचे अध्यक्ष सेबुन्या मुख्याध्यापिकेवर तडकलेच. "जेव्हा बघावं तेव्हा गुडघ्यावर! आणि पोरं माकडांसारखी खिडक्यांवर. शुक्रवारी समिती वर्गात येऊन बसणार आहे. तोवर तिला सुधारा, नाहीतर घरी पाठवा."

मुख्याध्यापिकेला सगळे नालोंगो म्हणत. नालोंगो म्हणजे जुळ्यांची आई. हा मान एकदा मिळाला की बाईचं जन्मनाव गावच विसरून जातं. युगांडातल्या मसाका शहराजवळच्या त्या शाळेत तिची हयात गेली होती, आणि स्वभाव? महाहट्टी! या सत्रानंतर ती निवृत्त होणार होती. आपल्यामागे बालवर्ग या नव्या शिक्षिकेने, लुंकुसेनेच चालवायचा, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. पहिल्याच दिवशी एक पोर आईसाठी हंबरडा फोडत होतं. लुंकुसेने त्याला दटावलं नाही, गोडही बोलली नाही. त्याच्याशेजारी बसून केळीच्या सोपटाचा चेंडू वळत राहिली, त्याचं रडणं संपेपर्यंत. ही नजर कुणी शिकवून येत नाही, बाकीचं सगळं शिकवता येतं, असं नालोंगोचं म्हणणं.

म्हणून ती रोज सकाळी वर्गात जाऊन बसायची आणि रोज कपाळाला हात लावून बाहेर यायची. ती स्टुलावर टेकली रे टेकली की लुंकुसे गुडघ्यावर; वडीलधाऱ्यांपुढे बाईने गुडघे टेकायचे, ही तिथली रीतच. मग रीतसर विचारपूस: रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत, बाग कशी आहे. आणि धडाही तसाच, गुडघ्यावरूनच. आवाज असा की पुढच्या पोराला ऐकू गेला तरी नशीब. मागची पोरं एकमेकांच्या पेजेत बोटं बुडवायची.

"अगं, तोंडात काय मिठाची गुळणी धरलीस?" नालोंगो चिडायची.

"चुकलं, नालोंगो," लुंकुसे मान खाली घालून म्हणायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

बुधवारी नालोंगोला उशीर झाला. ती जवळच्या वाटेने, केळीच्या बागेतून, शाळेच्या मागच्या बाजूला आली आणि थबकली. आतून खणखणीत आवाज येत होता.

"हत्ती आला नदीवर! पाणी किती प्यायला?"

"पोटभर!" सगळा वर्ग एका सुरात.

नालोंगोने खिडकीतून डोकावलं. लुंकुसे ताठ उभी, हाताची सोंड करून वर्गभर डुलत होती. एक पोर म्हणून जागचं हललेलं नव्हतं. नालोंगो हरखून आत गेली, सवयीने स्टुलावर बसली, आणि हत्ती धपकन गुडघ्यावर आला. सोंड गेली, आवाज गेला.

अरे देवा! म्हणजे बिघाड पोरीत नव्हताच, तो रोज स्टुलावर येऊन बसत होता.

शाळा सुटल्यावर तिने लुंकुसेला थांबवलं. "उद्यापासून माझ्यासमोर उभं राहून शिकवायचं."

"तुम्ही बसलेल्या असताना? तुमच्या डोक्याच्या वर? माझी आई माझी चामडी लोळवेल!"

"माझा हुकूम आहे. ऊठ."

लुंकुसे उठली, पण कमरेतून इतकी वाकून की त्यापेक्षा गुडघे बरे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "नालोंगो, दुसरं काहीही सांगा. तुमचा मान राखू नको, एवढं मात्र सांगू नका."

दुधाबरोबर अंगात भिनलेली रीत हुकमाने थोडीच उतरते? 'पण तशी मीही तुला सोडणार नाही,' नालोंगो मनाशी म्हणाली.

शुक्रवारी समिती आली. सेबुन्या मधल्या खुर्चीत, दोन्ही बाजूंना दोन सभासद. लुंकुसे गुडघ्यावर आली, विचारपूस झाली आणि तिचा आवाज जो बसला तो बसलाच. दोन पोरं खिडकीवर चढली. सेबुन्यांनी 'बघा, मी म्हणालो नव्हतो?' अशा नजरेने नालोंगोकडे पाहिलं.

नालोंगो स्टुलावरून उठली. चटईवर पोरांच्या मधोमध गेली, घोळदार झगा सावरला आणि दुखरे गुडघे एकेक करून खाली टेकले. लुंकुसेच्या समोर.

"नमस्कार, बाई. मी वर्गात नवीन आहे. आज काय शिकवणार?"

"अहो नालोंगो!" सेबुन्या ओरडले. "जुळ्यांची आई तुम्ही, आणि एका पोरीपुढे गुडघे टेकता?"

"पोरीपुढे नाही, बाईंपुढे. त्या उभ्या राहून शिकवेपर्यंत मी काही उठायची नाही."

लुंकुसे तिला उचलायला धावली. नालोंगोने हात झटकला. "मला उचलू नकोस. शिकव."

"बाई, ही नवी मुलगी केवढी म्हातारी आहे!" मागून कुणीतरी ओरडलं. वर्ग खदखदला. खिडकीवरची पोरं उड्या मारून खाली आली, एकाने तर नालोंगोच्या पाठीवरच चढायला घेतलं. लुंकुसेने त्या थरथरणाऱ्या गुडघ्यांकडे पाहिलं. एक मोठा श्वास घेतला. आणि उठली, ताठ.

"काटो, पाठीवरून उतर! सगळे जागेवर!"

सगळे जागेवर.

"नालोंगो, तुम्ही जरा बाजूला सरका. मागच्यांना दिसत नाही."

नालोंगो निमूटपणे सरकली. सेबुन्या शेजाऱ्याच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटू लागले. लुंकुसेने त्यांच्याकडे वरून पाहिलं. तिचे ओठ कापले, पण पाय हलले नाहीत.

"धडा चालू असताना वर्गात कुणी बोलायचं नाही. मोठ्यांनीसुद्धा."

सगळ्या पोरांनी माना वळवून अध्यक्षांकडे पाहिलं.

"बरं, बाई," ते म्हणाले आणि त्यांनी हाताची घडी घातली.

नालोंगोच्या गुडघ्यांत आगडोंब उसळला होता, पण उठायची तिला मुळीच घाई नव्हती.