सुग्राबीच्या दारापुढची तीस पावलं

वणीच्या रौशन बँड पार्टीत माणसं आठ होती आणि लाल कोट नऊ होते. नववा कोट युनूस मास्तरांचा. मास्तरांना जाऊन साडेचार वर्षं झाली होती, तरी दर लग्नसराईच्या आधी तो कोट इतर आठांबरोबर धोब्याकडे जायचा, इस्त्री होऊन परत यायचा आणि पेटीत सगळ्यात वर ठेवला जायचा. का, म्हणून कोणी विचारलं नव्हतं. विचारलं की कोणाला तरी उत्तर द्यावं लागतं, आणि बँडवाला माणूस सुराखेरीज दुसरी कसलीच जबाबदारी अंगावर घेत नाही.

मास्तरांमागं पुढं चालायची जागा जफरकडे आली. तो क्लॅरिनेट वाजवायचा आणि लग्नं नसली की बाजारात सायकली दुरुस्त करायचा. गावात त्याच्या पंक्चरची तारीफ होती. क्लॅरिनेटबद्दल लोक म्हणायचे, "चांगलं वाजवते, पण युनूस मास्तरची गोष्टच वेगळी." साडेचार वर्षांत हे वाक्य त्याने इतक्यांदा ऐकलं होतं, की त्यालाही चाल लावता आली असती.

बँडचा एक रिवाज होता. ज्या घरी मयत झालेली असेल, त्या घरापुढून वाजवत जायचं नाही. हिंदूचं घर असलं तर तेरा दिवस, मुसलमानाचं असलं तर चाळीस. मास्तर चालता चालता उजवा हात वर करायचे, बँड गप्प व्हायचा आणि वरात नुसत्या चपलांच्या आणि घोडीच्या टापांच्या आवाजात पुढं सरकायची. घर मागं पडलं की हात खाली, की ढोलावर टिपरू. कोणत्या घरात दुखवटा आहे, कितवा दिवस आहे आणि तो कधी उठला, हे सगळं मास्तरांच्या डोक्यात असायचं.

मग मास्तरच गेले. अंगणात बसून नव्या गाण्याचा सराव करत होते. अंतऱ्याच्या मध्यावर दम लागला आणि गाणं तिथंच राहिलं. चौथ्या दिवशी साळ्यांच्या घरची वरात होती. गावातला प्रत्येक नवरदेव मांडवात जायच्या आधी मारुतीच्या पाया पडायला जातो आणि मारुतीचा रस्ता मोमिनपुऱ्यातल्या मास्तरांच्या दारावरून जातो. दार आलं. हात कोणी वर केला नाही, तरी बँड आपोआप थांबला. दाराअलीकडच्या कडुनिंबापासून पलीकडच्या पिठाच्या गिरणीपर्यंत, मोजून तीस पावलं.

चाळीस दिवस झाले, पन्नास झाले. दुखवटा उठला हे सांगायचं काम मास्तरांचं होतं, आणि त्यांनी काही सांगितलं नाही. त्यामुळं साडेचार वर्षं वणीतली झाडून सगळी लग्नं सुग्राबीच्या दारापुढून मुक्यानं गेली होती. सुग्राबी म्हणजे मास्तरांची बायको. ती दारात उभी राहायची, वरात पाहायची आणि आत जायची.

इथवर ठीक होतं. पुढची गोष्ट मात्र बँडमध्ये कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

गाणं कडुनिंबापाशी मध्येच तुटायचं. कोणत्याही बँडने ते पुन्हा तुटल्या जागेपासून धरलं असतं, नाहीतर पहिल्यापासून. रौशन बँड गिरणीपाशी गाणं धरायचा तो तीस पावलं पुढचं. म्हणजे मधल्या वेळात गाणं जिथवर पोचलं असतं, बरोबर तिथून. आणि आठही माणसं एका दमात, एका ठोक्यावर. मध्ये जणू कोणीतरी वाजवतच राहिलं होतं आणि ह्यांनी फक्त त्याला साथ धरली.

जफरला ते ऐकू यायचं. कानाने नव्हे, दातांत. क्लॅरिनेट तोंडात धरली की दातांना जी बारीक थरथर लागते, ती त्या तीस पावलांत त्याला लागायची, आणि त्याची क्लॅरिनेट तर काखेत असायची.

ही सोय अशीच चालली असती. पण बासष्टच्या वैशाखात कापसाच्या जिनवाल्या विठ्ठलरावांच्या मुलाचं लग्न निघालं. विठ्ठलरावांकडे जो बँड वाजला, तो पुढची दोन-तीन वर्षं गावात वाजायचा. जो वाजला नाही, त्याने ढोलांची कातडी उंदरांपासून सांभाळावीत.

विठ्ठलरावांनी जफरला जिनात बोलावलं. ते सरकीच्या पोत्यावर बसून आंबा चोखत होते.

"मास्तर, एक गोष्ट पहिलेच सांगून ठेवतो," ते म्हणाले. "तुमी त्या मोमिनपुऱ्यापाशी चूप होता. माह्या पोराच्या वरातीत तसं चालणार नाई."

"रिवाज आहे, मालक."

"कोणाचा?"

"आमच्या बँडचा."

"मंग बँड तुमचा आहे ना? बदला." त्यांनी कोय न्याहाळली. "हे पाहा, तुमच्या मास्तरबद्दल मले इज्जत आहे. माह्या लग्नात तोच वाजवत होता. पण पोरगा घोडीवर, आन् बाजूनं मयतीसारखी चुप्पी? बायका काय म्हणतील? मारुतीपासून मांडवापर्यंत एक पाऊल रिकामं नाई पाह्यजे. जमत असन तं सांगा, नाईतं चांद्याची पार्टी येऊन राह्यली. त्यायच्यापाशी भोंगा बी आहे."

भोंग्यापुढं जफरने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने दुकानामागं ढोलवाल्या अब्दुल गनीला आणि ट्रंपेटवाल्या उत्तमसिंगला बसवलं. गनी एरवी टिनाचे डबे बनवायचा. उत्तमसिंग तांड्यावरून सायकलने यायचा आणि येताना ट्रंपेट पाठीला बांधायचा, त्यामुळं दुरून त्याच्या डोक्यामागं सोन्याचं फूल उगवल्यासारखं दिसायचं.

"वाजवू ना मंग," गनी म्हणाला. "साडेचार वर्सं झाली बे. इतका दुखवटा तं राजाचा बी नसते."

"वाजवलं तर तिथं दोन क्लॅरिनेट होतील," जफर म्हणाला, आणि बोलल्यावर त्याला वाटलं की आता आपल्याला बँडमधून काढतील.

गनीने हातातला डबा खाली ठेवला.

"तुले बी येते ऐकू?" उत्तमसिंगने विचारलं.

"तुम्हाला?"

"मी तं त्यायचंच ऐकून गिरणीपाशी उचलतो. मले वाटलं माह्याच डोक्यात फरक पडला. म्हनून बोललो नाई."

"मी घरी पायरीवर ठोके मोजून पाह्यले," गनी म्हणाला. "तीस पावलांत मोजायचं राहूनच जाते. कोणी वाजवत असलं की मोजा कायले लागते?" मग तो चिडला. "साडेचार वर्सं मी मौलवीकडून ताईत आणून बांधून राह्यलो, आन् तुम्ही दोघं हरामखोर चूप!"

तिघांनाही थोडं बरं वाटलं. माणूस एकटा वेडा असला की काळजी. तिघं असले की त्याला बँड म्हणता येतं.

पण प्रश्न तसाच राहिला. वाजवत गेलं तर मास्तरांच्या सुरावर पाय देऊन जायचं. थांबलं तर आठ घरांची चूल विझवून चांद्याच्या भोंग्याला वाट द्यायची.

"चाचीले विचार," उत्तमसिंग म्हणाला. "दार तिचं आहे."

सुग्राबी अंगणात सुपारी कातरत होती. ती बोलायला उर्दूत सुरुवात करायची आणि राग आला की वऱ्हाडीत उतरायची. जफर समोर दिसताच तिने सुरुवातच वऱ्हाडीत केली.

"साडेचार वर्सांनी घर सापडलं काय तुले?"

"चाची, रोजच तर जातो दारावरून."

"जातं. चोरासारखं."

जफरने विठ्ठलरावांचं सगळं सांगितलं. भोंग्यासकट. ती कातरत राहिली.

"मी तुमाले थांबा म्हनलं होतं?" तिने शेवटी विचारलं.

"नाही, पण—"

"चाळीस दिवस झाले तवाच मी दारात उभी राह्यली, की आज वाजवतीन. नाई वाजवलं. म्हनलं, पोरं लाजत असतीन. पुढच्या वरातीले पुन्हा उभी राह्यली. तवा मले ऐकू आलं." कातरी थांबली. "तुमी चूप झाले की तो वाजवते. तुमच्यामुळं त्याले जागा भेटते, बाबा. नाईतं मेल्या माणसाले बजारात कोण जागा देते?"

लख्ख ऊन होतं, अंगणात कोंबड्या हिंडत होत्या, आणि भीती वाटायला तशी काही सवड नव्हती.

"जाय, पाह्य त्याची क्लॅरिनेट," ती म्हणाली. "खुंटीले आहे."

आतल्या खोलीत हिरव्या फडक्यात गुंडाळलेली क्लॅरिनेट होती. जफरने फडकं सोडलं. क्लॅरिनेटच्या तोंडाशी वेताची पातळ पत्ती असते; वाजवण्याआधी ती जिभेने ओली करावी लागते. साडेचार वर्षं न वाजलेली पत्ती वाळून वाकते, चिरते. त्याने बोट लावलं.

पत्ती ओली होती.

कालच दारावरून कुंभारांची वरात गेली होती. म्हातारी पाणी लावत असेल, जफरने स्वतःला सांगितलं. त्याने ते पक्कंच ठरवून टाकलं. फडक्याला मात्र त्याने दोन गाठी जास्त मारल्या.

"मले वरातीच्याच दिवशी तो भेटते," सुग्राबी बाहेरून म्हणाली. आता तिचा आवाज रागाचा नव्हता. "पण तुमच्या पोराबाळायच्या पोटावर पाय देऊन मी त्याले बलावनार नाई. वाजवा तुम्ही. त्याले मी समजून सांगीन."

जफर दारापर्यंत आला आणि परत फिरला. "चाची, मास्तर मला एक गोष्ट नेहमी म्हणायचे."

"माईत आहे. 'पहिले चूप राहाले शिक.' तुलेच म्हनत. तू मधात लय घुसत होता."

लग्न शुक्रवारी होतं, मुहूर्त सांजेचा. साडेचारच्या उन्हात वरात मारुतीवरून निघाली. घोडीवर विठ्ठलरावांचा मुलगा, मुंडावळ्यांमागं घामाने न्हालेला. पुढं आठ लाल कोट. मागं बायकांचा मेळा आणि मेळ्यामागं खुद्द विठ्ठलराव, कान टवकारून. चांद्याच्या पार्टीचा माणूसही पाहुणा म्हणून बोलावलेला होता. तो पानठेल्यापाशी उभा होता आणि चूक व्हायची वाट पाहत होता.

त्या वर्षी गावभर वाजत असलेलं सिनेमाचं गाणं चालू होतं. कडुनिंब आला. सवयीने सगळ्यांचे हात जड झाले. सात जणांनी जफरकडे पाहिलं.

जफरने उजवा हात वर केला नाही. त्याने फक्त क्लॅरिनेट तोंडातून काढली आणि काखेत धरली.

हे त्यांचं ठरलं होतं. गनीचा ढोल थांबला नाही. उत्तमसिंगचं ट्रंपेट खालच्या पट्टीत गेलं आणि तिथं नुसता आधार देत राहिलं. ताशा, झांज, खुळखुळा, सगळे चालू. मधली जागा तेवढी मोकळी सोडलेली, जशी जेवणाच्या पंगतीत एका माणसासाठी पाट मांडून ठेवतात. रस्ता मुका नव्हता. विठ्ठलरावांच्या शब्दाप्रमाणं एक पाऊलही रिकामं नव्हतं.

पहिलं पाऊल. दुसरं. सुग्राबी दारात उभी होती, डोक्यावरचा पदर दातांत धरून. पाचव्या पावलाला काहीच नव्हतं, आणि जफरला वाटलं, रुसले. मास्तर जिवंतपणीही गर्दीत वाजवायला नखरे करायचे.

सातव्या पावलाला दातांत थरथर आली.

मग ते आलं. ढोलाच्या वर, ट्रंपेटच्या मधून, गाण्याच्या नेमक्या जागी. गाणं मास्तरांच्या मरणानंतरचं होतं, त्यांनी ते ऐकलेलं असायचं काही कारण नव्हतं. पण अंतऱ्याला जफर जिथं नेहमी घाईने पुढं जायचा, तिथं तो सूर थांबला, श्वासभर रेंगाळला आणि मग उतरला. असं उतरायचं असतं, हे जफरला पहिल्यांदा कळलं. गनी डोळे मिटून वाजवत होता आणि त्याच्या गालांवरून घाम वाहत होता. घाम म्हणून सोडून द्यावं असं ते पाणी. घोडीने कान मागं केले.

अंतरा पुरा झाला. तिसाव्या पावलाला गिरणी आली. जफरने क्लॅरिनेट तोंडाला लावली आणि गाणं धरलं. त्याच्या पत्तीला नुकतीच कोणाच्या तरी तोंडाची ऊब लागलेली होती. त्याने मागं वळून पाहिलं. सुग्राबी आत गेली होती आणि दार उघडं होतं.

मांडवात अक्षता पडल्यावर विठ्ठलराव बँडच्या बैठकीकडे आले. सगळे उठून उभे राहिले. चांद्याचा माणूस कधीच निघून गेला होता.

"पुढच्या साली माह्या पुतण्याचं लग्न आहे," विठ्ठलराव म्हणाले. "तुमीच यायचं. पूर्ण बजारपेठेले सांगतो."

गनीने छातीवरचा ताईत कपाळाला लावला.

"एक सांगू, मास्तर?" विठ्ठलराव जफरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "बाकी ठीकठाक होतं. पण मोमिनपुऱ्यापाशी तुमी जे वाजवलं ना, ते काम होतं! माह्या लग्नाची आठवण आली. तसं सगळ्याच रस्त्यानं काहून नाई वाजवत?"

जफरने उत्तमसिंगकडे पाहिलं. उत्तमसिंग ट्रंपेटमधलं थुंकीचं पाणी झटकण्यात गढून गेला होता.

"कोशिश करतो, मालक," जफर म्हणाला.

लोक जेवायला गेल्यावर त्याने पेटी उघडली. नववा कोट सगळ्यात वर होता. घडी जशीच्या तशी, इस्त्रीची रेघ मोडलेली नव्हती. जफरने हात फिरवला. काखेखालचं कापड ओलं होतं.

त्याने कोट बाहेर काढून मांडवाच्या दोरीवर वाळत घातला आणि आपल्या कोटाच्या गुंड्या सोडत सोडत त्याच्याशेजारी बसला.