शेडमधला समुद्र

सास्काटूनकडच्या आमच्या कनोरा गावात एकदा बर्फ पडायला लागला की माणसं आपापल्या घरात मुरतात, बरणीतल्या लोणच्यासारखी. त्या वर्षी बर्फाच्या थोडं आधी माझ्या नवऱ्यानं, ओरेस्टनं, एक जुना कॅम्पर घरी आणला. चाकांवरची खोलीच ती. दोन पलंग, घडीचं टेबल, एवढीशी शेगडी आणि दोन्ही अंगांना खिडक्या. पिकअपच्या मागे जोडायचा आणि उन्हाळ्यात सगळ्यांनी मिळून समुद्र बघायला जायचं, असा त्याचा बेत होता. आमच्याकडे गव्हातून वारा गेला की लोक म्हणतात, समुद्र असाच दिसतो. म्हणणाऱ्यांनी तो पाहिलेला नसतो.

सासऱ्यांनी शेडच्या दारातूनच कॅम्परकडे पाहिलं. "समुद्रात काय असतं? पाणी," असं म्हणून ते कोंबड्यांकडे निघून गेले. झेनोन त्यांचं नाव. आम्ही दोघं त्यांना तातो म्हणतो, आमच्या भाषेत बाबा, आणि आमची मुलगी दारका गीदो, म्हणजे आजोबा. सासूबाई गेल्यापासून त्यांचं बोलणं असं एकेका वाक्यावर आलं होतं.

कॅम्परमध्ये जाऊन बसायची कल्पना माझी. रविवारी चर्चहून आलं, जेवण झालं की कोट चढवून आम्ही अंगण ओलांडायचो. शेडमध्ये ट्रॅक्टर, धान्याच्या गोण्या आणि त्यांच्या शेजारी आमचा पांढरा कॅम्पर. आत विजेचा हीटर लावला की काचांवर वाफ धरायची. टेबलावर नकाशा उघडायचा, मी किटलीतून चहा ओतायची आणि ओरेस्ट दारकाला विचारायचा, "काय मॅडम, आज कुठवर जायचं?"

पण खिडकीबाहेर दिसायचा तो शेडचा पत्रा. दारकाला ते पटेना. "दर वेळी पत्राच बघायचा तर निघालो कशाला?" असं म्हणून तिनं जुन्या चादरी मागून घेतल्या आणि त्यांवर चित्रं काढायला बसली. रंगवलेली चादर बाहेरून खिडकीसमोर टांगायची आणि धावत आत येऊन बसायचं. एका रविवारी बाहेर अल्बर्टातल्या टेकड्या आल्या. पुढच्या रविवारी डोंगर आले, टोकांवर बर्फ, पायथ्याला एक हरीण, आणि त्या हरणाला चुकून पाच पाय. वाफाळलेल्या काचेतून ते सगळं धूसर दिसायचं. वारा शेडला हलवायचा, चादर जराशी सळसळायची आणि खरंच आपण चाललोय असं वाटायचं. मी कित्येकदा चहाचा कप घट्ट धरला असेल, वळणावर सांडू नये म्हणून.

तातो मधूनच यायचे. बसायचे नाहीत, दाराशी उभे राहायचे.

"कुठं पोचलात?"

"जॅस्परला, गीदो. तू पण ये ना."

"मला कोंबड्या बघायच्या आहेत."

मग एक दिवस ते बसले. चहा घेतला. त्यानंतर आम्ही त्यांची जागा रिकामी ठेवू लागलो, खिडकीलगतची.

समुद्राची चादर दारकानं सगळ्यांत शेवटी केली. निळीशार. वर पिवळा सूर्य, मधे शिडाची होडी. टांगून ती आत आली आणि गीदोच्या तोंडाकडे बघत राहिली.

तातोंनी बाहीनं काच पुसली. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "निळा नाही तो."

"समुद्र निळाच असतो!"

"तिकडचा नसतो. करडा असतो. जस्ताच्या बादलीसारखा. आणि सूर्य खोड. सूर्य तिथं क्वचित येतो. पाऊस काढ."

ओरेस्ट हसला. "तातो, तुला काय ठाऊक?"

"राहिलोय मी तिथं," तातो म्हणाले.

ओरेस्टचा हात नकाशावरच राहिला.

तातोंनी मग सांगितलं ते असं. विशीत असताना ते आगगाडीत बसून पश्चिमेला गेले होते. प्रिन्स रूपर्टच्या बंदराजवळ मासे डब्यांत भरायचा कारखाना होता, तिथं कामाला लागले. कारखाना लाकडी खांबांवर पाण्यातच उभा होता. झोपायच्या खोलीच्या फळ्यांखाली रात्रभर समुद्र बोलत असायचा. कपड्यांचा मासळीचा वास जात नसे, पण ते म्हणाले, मला तो आवडायचा. तिथंच राहायचं त्यांनी ठरवलं होतं. एका म्हाताऱ्याच्या होडीत भागीदारीही ठरत आली होती. तेवढ्यात घरून तार आली, वडिलांचा पाय मोडला म्हणून. कापणीच्या तोंडावर ते परत आले आणि मग राहिलेच.

"आईला माहीत होतं?" ओरेस्टनं विचारलं.

"नाही."

"इतक्या वर्षांत एकदाही नाही बोललास?"

"काय बोलणार? सांगितलं असतं तर तिला वाटलं असतं, हा इथं नाइलाजानं राहिलाय." तातोंनी कपात पाहिलं. "सुरुवातीला होताच नाइलाज. मग ती भेटली आणि तो कधी गेला ते कळलंच नाही. पण शेवटचं सांगायचं तर आधी सुरुवातीचं सांगावं लागणार. म्हणून दोन्ही राहिलं."

दारकानं हळूच विचारलं, "गीदो, होडी कसल्या रंगाची होती?"

"हिरवी. रंग उडालेली. चल, तुझे रंग आण."

त्या दुपारी आजोबा आणि नात समुद्र रंगवत बसले. करड्यात थोडा हिरवा, त्यात थोडा काळा. हे झाल्यावर ती चादर जेव्हा पुन्हा खिडकीबाहेर लागली, तेव्हा आत गारवा आला. मी शाल ओढून घेतली.

आमचा बेत होता व्हँकुव्हरचा. तो त्याच आठवड्यात बदलला. तसंही तिकडच्या घाटांत मागे एवढा बोजा ओढायला ओरेस्ट कचरतच होता. सास्काटूनहून यलोहेडचा महामार्ग धरला तर तो त्यातल्या त्यात सौम्य खिंडीतून थेट प्रिन्स रूपर्टला उतरतो. तातोंनी नकाशावर त्या रस्त्यावरून बोट फिरवलं.

बर्फ वितळल्यावर कॅम्पर पहिल्यांदा बाहेर काढला. पुढं नेणं सोपं. मागे घेताना मात्र डोकं उलटं चालवावं लागतं. ट्रेलर डावीकडे जायला हवा तर स्टिअरिंग उजवीकडे. ओरेस्टनं तासभर अंगणात चिखलाच्या रांगोळ्या काढल्या आणि शेवटी खुराड्याला धडक दिली. कोंबड्या चहूकडे.

"तुझ्या आजोबानं बांधलं होतं ते," तातो ओरडले. "गारांनी पाडलं नाही, वादळानं पाडलं नाही. तुझीच वाट बघत होतं!"

"मग तू घे ना मागे!"

"मी कशाला? लेस्या घेईल."

लेस्या म्हणजे मी. माहेरी घोड्यांचा ट्रेलर मी शाळेत असल्यापासून ओढत आलेय. मी एका दमात कॅम्पर शेडमध्ये लावला. दारकानं टाळ्या वाजवल्या आणि ओरेस्टनं मला लवून नमस्कार केला.

त्याच संध्याकाळी जेवताना तातो म्हणाले, "तुम्ही तिघं जा. मी नाही येत."

दारकाचा घास तोंडातच राहिला. मी म्हटलं, "तातो, असं काय करता? कोंबड्या शेजारीण बघणार आहे."

"कोंबड्यांचं नाही गं. तो कारखाना कधीचाच बंद पडला. होडीवाला तर तेव्हाच म्हातारा होता. जाऊन काय बघू? इथं," त्यांनी कपाळावर बोट टेकवलं, "सगळं जागच्या जागी आहे. तिथं जाऊन नसलं म्हणजे?"

ओरेस्ट एरवी बापापुढे दोन वाक्यांच्या वर जात नाही. त्यानं पिरोहीची, बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्यांची, थाळी बाजूला सरकवली.

"तातो, तू तिथंच राहिला असतास तर मी झालोच नसतो. ही दारका नसती. तू जे सोडून आलास ना, त्याच्या बदल्यात मी आहे. मला एकदा बघायचंय ते. तुझ्या शेजारी उभा राहून बघायचंय."

तातोंनी हातातल्या काट्यानं कांद्याचे तुकडे गोळा केले. मग म्हणाले, "गाडी लेस्यानं चालवायची."

"कबूल," ओरेस्ट म्हणाला.

"तू स्टिअरिंगला हात लावायचा नाहीस."

"अरे कबूल म्हटलं ना!"

जूनच्या अखेरीस आम्ही निघालो. आरशात मागचा कॅम्पर सतत दिसत राहायचा, घर आपल्या मागोमाग चालत यावं तसा. मोहरी पिवळी फुलायला लागली होती. दारका प्रत्येक डोंगर आपल्या चादरीशी ताडून बघायची आणि कुठलाच तिला पसंत पडायचा नाही. शेवटल्या दिवशी रस्ता स्कीना नदीच्या काठानं चालला, नदी रुंद होत गेली आणि ढग खाली आले. तातोंनी काच उतरवली. थंड, खारट वास आत शिरला आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

पोचलो तर दाट धुकं. पाच पावलांपलीकडचं दिसेना. बापलेक धक्क्याच्या दिशेनं गेले. त्यांच्या पाठी आधी करड्या झाल्या, मग पुसल्या गेल्या. मी दारकाला घेऊन कॅम्परमध्येच थांबले, पाणी उकळत ठेवलं आणि पलीकडून येणारं बोटीच्या भोंग्याचं लांब हुंकारणं ऐकत बसले. ते परतले तेव्हा दोघांचे केस भिजलेले होते आणि ओरेस्टचे डोळे लाल. काय बोलणं झालं, ते मी आजवर विचारलेलं नाही.

सकाळी धुकं उठलं. दारका आधी बाहेर पळाली आणि किंचाळत परत आली. "आई! समुद्र कुणीतरी नेला!"

बाहेर येऊन पाहिलं, तर खरंच दूरपर्यंत नुसता ओला चिखल, शेवाळलेले दगड आणि कलंडून पडलेल्या दोन होड्या. आम्ही मैदानातली माणसं. ओहोटी आम्ही फक्त पुस्तकात वाचलेली.

तातो पोट धरून हसत होते. सासूबाई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

"येईल गं, येईल दुपारपर्यंत," ते दारकाला म्हणाले. "चल, तोवर खाली उतरून खेकडे बघू."

त्यांनी विजार गुडघ्यांपर्यंत दुमडली, तिचा हात धरला आणि दोघं चिखलात उतरले.