रंगूबाईची जट

पूजा पार्लरमधून घरी आली तेव्हा पायरीवर तिची सासू बसलेली होती. रंगूबाई माण तालुक्यातून, दहिवडीच्या पलीकडच्या वाडीतून, एसटीनं एकटीच सांगलीला आली होती. डोक्यावरचा पदर नेहमीसारखा फुगलेला आणि मान एका अंगाला कललेली.

"आत्या, फोन तरी करायचा."

"फोन करून काय? गाडीत बसले आन आले. मान लय दुखतीया ग. झोपच न्हाई."

पूजानं कुलूप काढलं. दिवसभर उभं राहून तिच्या पिंडऱ्या भरून आल्या होत्या. विश्रामबागेतल्या सुरय्याभाभींच्या पार्लरमध्ये ती कामाला होती आणि लग्नसराईत तिथं बसायलाही उसंत मिळत नसे. कुणाला कोंडा झालेला, कुणाचे केस गळतायत, कुणाची स्ट्रेटनिंगनंतर टोकं फुटलेली. ओले केस विंचरू नका, गरम पाणी डोक्यावर घेऊ नका, जेवणाकडं लक्ष द्या, असं सांगून सांगून तिला स्वतःचाच आवाज नकोसा झाला होता. आता चहा टाकायचा, आणि मग सासूची मान बघायची.

रंगूबाईनं पदर मागं सारला. डाव्या कानामागून निघालेली जट खांद्यावरून कमरेपर्यंत आली होती. दोरखंडासारखी जाड, टोकाला दगडासारखी घट्ट. पूजाचा नवरा शिवतेज पोटात असताना रंगूबाईला मोठा ताप आला होता. महिनाभर अंथरुणातून उठवलं नाही, डोक्याला ना तेल ना फणी. केसांचा गुंता झाला आणि वाडीतल्या एका जाणत्या बाईनं सांगितलं, देवी आली, आता हात लावायचा न्हाई. हात लावला तर घरातलं माणूस जाईल. तेव्हापासून दर शुक्रवारी जटेला हळदकुंकू लागत होतं. शिवतेज मोठा झाला, सैन्यात गेला, त्याचं लग्न झालं आणि जटही वाढत राहिली.

दुसऱ्या दिवशी पूजानं अर्धी सुट्टी काढून सासूला डॉक्टरकडं नेलं. मानेचा एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो उजेडात धरला आणि म्हणाले, "हाडं आहेत वयाप्रमाणं. पण हे वजन मानेवर आहे तोवर गोळ्यांचा उपयोग नाही. आणि मुळाशी कातडी चिघळलीय."

घरी आल्यावर रंगूबाई म्हणाली, "काप तू. तुझा तर रोजचाच धंदा हाय."

पूजानं पर्स खुंटीला लावली. रोज किती बायकांच्या वेण्या ती कापत होती, त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं.

"आत्या, हे तिकडं बर्फात आहेत."

"म्हाईत हाय मला."

"त्यांना विचारू तरी."

"न्हाई इचारायचं. त्यो व्हय म्हनला आन काय झालं, तर त्याच्या जिवाला घोर. माझ्या डोक्यावरचं हाय, माझं मी बघते." रंगूबाई भिंतीला टेकली. "देवीचं असंल न्हाईतर नसंल. मी दमले ग आता. एका कुशीवर झोपून माझा खांदा गेला. मेल्यावरच सुटायचं असंल तर तसं सांग."

पूजानं आधी सोडवून बघितलं. खोबरेल तेल जिरवलं, पार्लरमधलं कंडिशनर आणून लावलं, मोठ्या दातांची फणी टोकापासून घातली. फणीचे दात मोडले, जट हलली नाही. रंगूबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण ती थांब म्हणाली नाही. पूजाच थांबली.

तिनं सुरय्याभाभींना सगळं सांगितलं. भाभी गल्ल्यामागं बसून ऐकत होत्या.

"तुमच्या देवीचं मला काही ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "बाईला त्रास होतोय, तेवढं दिसतंय. सोमवारी आपलं बंद असतं. घेऊन ये. तुझा हात चालला नाही तर मी कापीन."

सोमवारी शटर अर्धं खाली ओढून तिघी आत बसल्या. पूजानं जट मुळाशी भिजवली, दोन बोटं कातडीवर ठेवली आणि त्यांच्या वरून कात्री घातली. आत कुबट वास होता, उवा होत्या, लाल झालेली कातडी होती. कात्री कचकच करत अडायची. मध्येच पूजा थांबली तेव्हा भाभींनी तिच्या हातातली कात्री घेतली, थोडं कापलं आणि परत दिली. शेवटचा केस तुटला तशी जट खुर्चीवरून खाली पडली. रंगूबाईची मान आपसूक सरळ झाली. तिनं हातानं डोकं चाचपलं आणि ती एवढंच म्हणाली, "गार लागतंय."

उरलेले केसही बारीक केले. बेसिनवर कोमट पाण्यानं डोकं धुताना रंगूबाईला झोप लागली. भाभींनी नळ बंद केला आणि दोघी तिच्या शेजारी तशाच उभ्या राहिल्या.

जखमेवर मलम लावायचं, उवांचं औषध पुन्हा एकदा लावायचं, असं चाललं होतं. जखमेवर खपली धरत होती तेवढ्यात रंगूबाईच्या चुलत दिराचा, भाऊसोंचा, वाडीहून फोन आला. गावच्या पत्त्यावर निरोप आला होता: शिवतेज बर्फावरून घसरला, पाय मोडला, मिलिटरीच्या दवाखान्यात होता. जीव वाचला होता.

"जट कापलीसा म्हनं," भाऊसो म्हणाले; रंगूबाईनंच शेजारणीला फोनवर सांगितलेलं त्यांच्या कानावर गेलं होतं. "आता बगा."

पूजानं फोन सासूच्या हातात दिला आणि ती मोरीपाशी जाऊन बसली.

रंगूबाई सावकाश बोलली. "भाऊसो, शिवतेजचा बा मुंबईला कामावर पडून गेला, तवा जट डोक्यावरच हुती. एक शुक्रवार चुकवला न्हवता मी. तवा तुमी काय बोलला न्हाईसा." तिनं फोन खाली ठेवला.

पण ती जेवली नाही. पूजानं तिचं ताट झाकून ठेवलं. पूजाला सासूचा राग नव्हता, स्वतःच्या हातांचा येत होता.

शिवतेज प्लास्टर घालून रजेवर आला. दारात कुबड्या टेकून आईकडं बघत राहिला. पूजानं हळूच सांगून टाकलं, "मी कापली."

"मला सांगायचं."

"मीच नगं म्हनले," रंगूबाई म्हणाली.

तो कॉटवर बसला. आईला जवळ बोलावून त्यानं तिच्या डोक्यावरून तळवा फिरवला. "ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी आमची पण डोकी अशीच भादरली होती," तो म्हणाला. "पाय माझ्या बुटानं मोडला, आई. तळ झिजला होता, मीच बूट बदलला नाही."

रंगूबाई तेव्हा रडली. आवाज न करता, बराच वेळ. पूजानं कुकर लावला.

पाय सांधायला उन्हाळा गेला. शिवतेज परत हजर झाला, रंगूबाई वाडीला गेली. भाऊसो अजून तिच्या दारावरून न बोलता जातात. शिवतेजच्या फोनला रेंज नसली की पूजा पुन्हा पुन्हा फोन लावत राहते, आणि कुणाच्या केसांत कात्री घालताना एखाद्या वेळी हात थांबतो. ती भीती गेलेली नाही.

मध्यंतरी दुपारी तिनं वाडीला फोन केला, तर शेजारणीनं उचलला.

"झोपल्यात," ती म्हणाली. "उठवू का?"

"नको, झोपू दे त्यांना," पूजा म्हणाली आणि पुढच्या बाईच्या गळ्याभोवती तिनं टॉवेल गुंडाळला.