तीनशे घरांची एक पेटी

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलंत तर कचऱ्याचा डबा समजाल. समजा खुशाल. बरेच जण तसंच समजतात आणि चिप्सची रिकामी पाकिटं माझ्या तोंडात कोंबतात. पण मी एक जुनी मतपेटी आहे. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या एका गावात टेकडीवर नगरपरिषदेची तीनशे भाड्याची घरं आहेत. त्या वस्तीच्या सभागृहात मी राहते. माझा स्वभाव गोड नाही, हे आधीच सांगून ठेवते.

नगरपरिषदेच्या कारखान्यात पत्र्याचं काम करणाऱ्या एका जाडजूड कारागिरानं मला घडवलं. हिरवा रंग, पितळी कुलूप, आणि कडा अशा घासलेल्या की कुणाचं बोट कापू नये. भाडेकरूंनी पहिल्यांदा आपली समिती निवडली, तेव्हा टोप्या काढून माणसं माझ्यासमोर रांगेत उभी राहिली होती. "काय देखणी पेटी आहे!" असं एक बाई म्हणाली आणि मी फुगून गेले. आता वर्षातले अकरा महिने मी सिंकखाली असते, नाताळच्या प्लॅस्टिकच्या झाडाशेजारी.

बाराव्या महिन्यात मला बाहेर काढतात. भाडं वाढवायच्या आधी भाडेकरूंना विचारलंच पाहिजे, असा इथला कायदा आहे. म्हणून थंडी पडली की नगरपरिषदेच्या घरखात्यातले गॅव्हिन पिरी कागदांचा गठ्ठा घेऊन येतात. घरांच्या भाड्याचा पैसा घरांवरच खर्च व्हायचा, तेव्हा भाडं किती वाढवायचं आणि त्यात काय बसवायचं, ते तुम्हीच सांगा, असं त्यांचं म्हणणं. लोक काय सांगतात? एकानं कागदावर 'खड्ड्यात जा' असं लिहून खाली खड्ड्याचं चित्र काढलं होतं. एकानं माझ्या फटीत च्युइंगम चिकटवला. तो नेटी रँकिन या म्हातारीनं केसातल्या पिनेनं खरवडून काढला. तेवढी एकच बाई माझ्याशी माणसासारखी वागली.

नेटी टेकडीच्या पायथ्याला, म्हाताऱ्यांसाठी राखलेल्या घरांत एकटी राहायची. त्या घरांना मोइरा नावाची देखरेखवाली होती. रोज सकाळी नऊ वाजता ती प्रत्येक घरात घंटी वाजवून विचारायची, "उठलीस का गं? बरी आहेस ना?" उत्तर आलं नाही तर किल्ली घेऊन धावायची. नेटीच्या गुडघ्यांचा भरवसा नव्हता, पण त्या घंटीचा होता.

त्या वर्षी पिरींच्या कागदावर दोनच पर्याय होते. पहिला, भाडं साडेचार टक्क्यांनी वाढणार आणि मोइराची जागा रद्द. दुसरा, साडेसहा टक्के आणि मोइरा राहणार. सभागृहात एकच गदारोळ उठला.

"घरात भिंतींना बुरशी, आणि वर साडेसहा टक्के? तुमच्या बापाचं घर आहे का हो?" समितीची अध्यक्ष इना मॅथिसन कडाडली.

"बापाचं असतं तर नळ तरी दुरुस्त झाला असता," मागून कुणीतरी म्हणालं.

"बाई, खिडक्या, छपरं, पगार, सगळं ह्यातूनच..." पिरी बोलू लागले.

"गप बसा! शून्य टक्क्यांचा पर्याय कुठाय? नाही ना? मग ऐका रे सगळे. एकानंही कागद टाकायचा नाही. पेटी रिकामी गेली की यांची नाकं कापली जातील!"

टाळ्यांनी सभागृह दणाणलं. मला मात्र हसावं की रडावं कळेना. रिकाम्या पेटीनं कुणाचं नाक कापलं गेलेलं मी तरी पाहिलेलं नव्हतं.

सभा संपल्यावर नेटी हळूच माझ्याजवळ आली. दुसऱ्या पर्यायावर तिनं खूण केलेली मला दिसली. कागद फटीत अर्धा आत गेला होता, इतक्यात इनानं तिचं मनगट धरलं.

"नेटी! तूसुद्धा? चाळीस वर्षांची मैत्री आपली!"

"अगं, मोइरा गेली तर माझं कसं व्हायचं?"

"कुठं जात नाही ती. त्यांची हिंमत आहे का? काढ तो कागद."

नेटीनं काढला. मी पत्र्याची, मला तो धरून ठेवता आला नाही. त्याचा मला अजून राग येतो.

महिन्यानं पिरींनी माझं कुलूप उघडलं. चौदा कागद निघाले. नऊ पहिल्या पर्यायाला, पाच दुसऱ्याला. ते नऊ जण काही दुष्ट नव्हते. वरच्या गल्लीतली लेकुरवाळी माणसं ती, मोइराशी त्यांचं काही काम नव्हतं आणि दर आठवड्याला दोन पौंड वाचत होते.

"तीनशे घरांतले नऊ? हे काय मत झालं?" इना किंचाळली.

"चौदातले नऊ, बाई. बाकीच्यांना काही म्हणायचं नाही, असं धरतात."

"म्हणायचं नाही? महिनाभर घसा फोडतोय आम्ही!"

"घसा मोजता येत नाही," पिरी म्हणाले. ते थकलेले दिसत होते. इनानं त्यांना घातलेल्या शिव्या मी इथं सांगणार नाही.

एप्रिलमध्ये मोइरा गेली. तिच्याऐवजी प्रत्येक न्हाणीघरात एक दोरी आली. ओढली की दूरच्या शहरात फोन वाजायचा. सप्टेंबरमध्ये एका सकाळी नेटी पडली ती स्वयंपाकघरात. खुब्याचं हाड मोडलं. दोरीपर्यंत सरपटणं तिला जमलं नाही आणि नऊ वाजता घंटी वाजली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी इना सूप घेऊन गेली तेव्हा तिला ती सापडली. नेटी वाचली, पण घरी परतली नाही. चाळीस मैलांवरच्या शुश्रूषागृहात ती खाटेवर पडून असते, असं सभागृहात झाडू मारणाऱ्या बायका बोलतात.

पुन्हा थंडी आली, पुन्हा मी सिंकखालून निघाले. या वेळी इना सगळ्यांच्या आधी हजर. दारातच उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला दटावत होती, "शिव्या नंतर घाल रे, आधी खूण कर!" दोनशेच्या वर कागद माझ्या पोटात पडले. इतकं पोट माझं कधीच भरलं नव्हतं. शेवटी तिनं स्वतःचा कागद उलगडला. पुढून वाचला, मागून वाचला.

"पिरी, यात खिडक्या आहेत, छपरं आहेत. मोइराचं कुठाय?"

"ते गेल्या वर्षी ठरलं ना, बाई. ठरलेलं पुन्हा विचारत नाहीत."

खिडक्यांसमोर खूण करून इनानं कागद माझ्यात सोडला आणि कोट न घालताच थंडीत निघून गेली.

मित्रांनो, तुम्हाला राग आला तर मला लाथ घाला, माझ्यात कचरा टाका. पत्राच आहे, सोसेल. पण ज्या वर्षी तुमच्या माणसाचं नाव कागदावर असेल, त्याच वर्षी खूण करा.