फाटकावरची पाळी

आमच्या ब्रेझोलमध्ये मेलेल्याला लगेच विश्रांती मिळत नाही. जो शेवटी पुरला गेला त्यानं दफनभूमीच्या फाटकावर पहारा द्यायचा, आणि पुढचा आला की फाटक त्याच्या हवाली करून आडवं व्हायचं. माझ्या पणजोबाच्या काळी गावात चारशे अकरा माणसं होती, तेव्हा पाळी कशीबशी महिनाभर चाले. तापाची साथ आली त्या हिवाळ्यात एका शिंप्यानं सकाळी फाटक धरलं आणि दुपारच्या जेवणाआधी सोडलं, असं सांगतात. सांगणारा मीच आहे, पण ते असो. पुढे लढाईनं तरुण नेले. त्यांची अडतीस नावं चौकातल्या दगडावर आहेत, देह मात्र परमुलखात, म्हणून पाळीला त्यांचा उपयोग नाही. मग बाकीचे कारखान्यांकडे गेले. उरलो आम्ही चौदा. आणि हवा इतकी चांगली, की सात वर्षांत कुणी मेलं नाही.

म्हणजे सात वर्षं फाटकावर एकटा आन्सेल्म. जिवंतपणी तो रस्त्याचे खड्डे बुजवायचा, पण नुसता उभा राहिलेला त्याला कुणी पाहिलं नव्हतं; सदा फावड्याला टेकलेला.

नोव्हेंबरात, संतांच्या सणाला, मी बायकोच्या थडग्यावर शेवंतीची कुंडी ठेवायला गेलो. दुपारचे चार वाजलेले, आणि धुकं असं की आपलेच बूट दिसेनात. कुंडी ठेवून वळलो तर फाटक बंद, आणि कडीवर एक हात. नखांत डांबर.

"ओनोरे, माझे पाय गेले रे," आन्सेल्म म्हणाला. "आता कोण येतंय? तुझं वय काय झालं?"

शहाऐंशी म्हणायचं होतं. जीभ टाळ्याला चिकटली, आणि सुटली तेव्हा भलतंच निघालं.

"माझी ताई मोठी आहे. त्र्याण्णव."

त्यानं पत्ता नीट समजल्यासारखी मान हलवली आणि कडी काढली. जिना चढायला काठी लागणारा मी, उतारावरून घरापर्यंत पळत आलो.

लेओकादीताई चुलीपाशी चेस्टनट सोलत होती. मी सगळं कबूल केलं. तिच्या हातातली सुरी थांबली नाही. बाहेर धुक्यात फावडं ओढल्याचा आवाज येत होता. खरड, मग शांतता, मग पुन्हा खरड, दर वेळी थोडा जवळ. मग तो आमच्याच दारापाशी थांबला.

"नाव माझं दिलंस ना, मग बसायला तू जा," ताई म्हणाली. "त्याला तास-दोन तास पाठ टेकू दे. आणि खुर्ची ने. चांगली नको, ती हलणारी."

 दारामागे तो होता, आणि इकडे ती. मी खुर्ची उचलली.

फाटकाशी मी बसलो, आन्सेल्म आपल्या कबरीत उतरला आणि घोरू लागला. त्याच्या घोरण्यानं पूर्वी पलीकडच्या गावातल्या गाई बिचकून पान्हा चोरायच्या. आता नुसती शेवंतीची पानं हलली. दोन तास झाले. मग दोन महिने झाले. तो उठला नाही. मी जरा खुर्ची सोडली, की खाली मातीत फावडं वाजतं. म्हणून पुन्हा बसतो.

जानेवारीत माणसं मोजणारा बाबू आला. माझ्यापासून हातभर अंतरावरून गेला. मी टोपी उचलून बोंजूर म्हणालो, त्यानं वळूनही पाहिलं नाही. नंतर मेयरच्या कचेरीवर कागद लागला: लोकसंख्या तेरा. ताईनंच येऊन सांगितलं. शहरातल्या लोकांना धड मोजता येत नाही, म्हणाली, आणि तिकडे धुक्याकडे बघत राहिली. मला तिला एक गोष्ट विचारायची होती. ती मी विचारली नाही. थंडी वाजायची कधीच थांबली आहे, हेही सांगितलं नाही.

रोज चार वाजता ती कोबीचं सूप घेऊन चढण चढते. काल वाटेत तीनदा थांबली. डबा ठेवला, माझ्या खांद्यावरचं बर्फ झटकलं.

"फार दिवस नाही बसवणार तुला," ती म्हणाली.

"घाई नाही, ताई. खुर्ची बरी आहे."

ती हळूहळू उतरली. तिचं दार लागल्याचा आवाज येईपर्यंत मी फाटक दोन्ही हातांनी घट्ट धरून होतो.