उरलेला अर्धा आटा

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण ज्यानं काढली त्यानं आमच्या ह्यांना राउटर चालवताना नक्की पाहिलं असणार.

राउटर म्हणजे लाकडात खाच पाडायचं मशीन. गेल्या वर्षी हे जिन्यावरून पडले आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण जोर काही परत आला नाही. डॉक्टर म्हणाले, आवळायची-पिळायची कामं दुसऱ्याला सांगत जा. घरी येऊन हे म्हणाले, "डॉक्टरला काय कळतंय लाकडातलं!"

मग मशीनचं बिट, म्हणजे खाच पाडणारं फिरतं पातं, सरकायला लागलं. खाच अर्ध्यापर्यंत नीट जायची आणि पुढे एकदम खोल. बिट फिरता फिरता जागा सोडून खाली उतरायचं, की फळी गेली कामातून. फर्निचरचा शोरूमवाला हे आमचं उरलंसुरलं एकच गिऱ्हाईक, त्याच्या कामावर घर चालतं. त्यानं दोन दारं परत पाठवली आणि बजावलं, "मिस्त्री, पुन्हा असं झालं तर मी दुसरीकडे जाणार."

ह्यांनी दोष द्यायला कुणाला शिल्लक ठेवलं नाही. बिट हलकं, दुकानदार लबाड, लाकूड ओलं. मी भुसा नीट झाडत नाही, म्हणून मीसुद्धा. बरं बाई, म्हटलं. ज्या चिरा पाडलेल्या नळीत बिट धरलं जातं ती कॉलेट ब्रशनं घासून काढली. बिटाच्या दांड्यावरचं तेल पुसलं. बिट पार तळाला टेकवायचं नाही, जरा वर उचलून आवळायचं, तेही केलं. शेवटी नवी कॉलेट आणली. तरी सरकायचं ते सरकलंच.

एकदा मी भुसा भरत होते आणि हे कॉलेटवरचा नट आवळत होते. सहज पाहिलं तर पाना थरथरतोय. दातओठ खाऊन जोर लावला आणि मध्येच "झालं" म्हणून पाना ठेवून दिला. झालं कसलं डोंबलाचं! हे हात धुवायला गेले तशी मी प्लग काढलेला आहे ना ते बघितलं, दोन्ही पाने लावले आणि अंगचा सगळा जोर घातला. नट अर्धा आटा फिरला.

त्या दिवशी खाच या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी आली.

"पाहिलंस? म्हटलं नव्हतं, कॉलेटच खराब होती!"

"हो ना," मी म्हटलं, "मेली कॉलेटच."

मग ते रोजचंच झालं. हे आवळायचे, मी काहीतरी निमित्त काढून ह्यांना बाहेर धाडायचे आणि उरलेला अर्धा आटा फिरवायचे. कित्येक महिने एक फळी वाया गेली नाही. माझ्या हाताला घट्टे पडले. ह्यांनी कधी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

एक दिवस शोरूमवाला खूश होऊन स्वतः आला. टेबलासाठी एकसंध फळी आणली होती. "एवढी रुंद पुन्हा मिळायची नाही, मिस्त्री. जपून." मग माझ्याकडे वळला, "वहिनी पण मदत करतात वाटतं?"

"हिची कसली मदत!" हे हसले. "भुसा झाडते, चहा करते. मशीनला हात नाही लावू देत मी."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. तो गेल्या गेल्या सांगून टाकलं, "अहो, नट मी आवळते. तुम्ही पाठ फिरवली की. इतके महिने."

ह्यांनी दोन्ही पाने उचलून खिशात घातले. "बघूच आता कोण आवळतं ते."

"बघा, पण साध्या लाकडावर बघा. ही फळी नको."

ऐकतील तर शपथ. घाम फुटेपर्यंत नट आवळला आणि मशीन सरळ त्या फळीवर ठेवलं. निम्म्या खाचेला आवाज जड झाला. "बंद करा!" म्हणून मी ओरडले, तोवर बिट आरपार गेलं होतं. भोकातून खालचा ओटा दिसत होता.

ह्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. "काय सांगू साहेब, माझी नजर चुकवून हिनं मशीनला हात लावला."

इतके महिने हेच खरं होतं, आणि नेमकं त्याच दिवशी खोटं. पलीकडून शोरूमवाला म्हणाला, "वहिनींना घरीच बसवा, मिस्त्री. एवढी रुंद नाही, पण अजून एक फळी पाठवतो, ही शेवटची."

ती दुसऱ्या दिवशी आली. ह्यांनी बिट लावलं, नट आवळला आणि दोन्ही पाने मशीनशेजारी नीट मांडून ठेवले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी जरा चहा पिऊन येतो."

चहाचा कप ह्यांच्या हातातच होता.

"इथंच बसून प्या ना," मी म्हटलं. "तुमच्या डोळ्यांदेखत आवळते."

ह्यांनी कप ठेवला, चपला घातल्या आणि बाहेर गेले. बऱ्याच वेळानं आले. आल्या आल्या नटाला पाना लावून पाहिला. मी हात लावलाच नव्हता. हे माझ्याकडे बघत उभे राहिले, मीही नजर हटवली नाही. दोघांपैकी एकानं तोंड उघडलं असतं तरी पुरे होतं. मग ह्यांनी मशीनवर कापड टाकलं.

चार दिवसांनी शोरूमवाल्याचा माणूस आला आणि फळी तशीच कोरी उचलून घेऊन गेला.